उद्याचा मी आणि डावी दाढ

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. कारण आज माझं आयुष्य बदललं. साधारण जेवणाच्या सुट्टीनंतर.

बस डेपोच्या सगळ्या स्टाफसाठी कार्यशाळा होती. विषय, भीतीवर मात. सर बाहेरून आलेले, कोटातले. त्यांचं म्हणणं असं की, भीती म्हणजे नको असलेला उद्या डोळ्यांसमोर येणं. उपाय काय, तर हवा असलेला उद्या डोळ्यांसमोर आणणं. मन एकदा तिथं पोचलं की शरीर आपोआप मागून जातं. सोपं आहे. इतकं सोपं की मला स्वतःला आजवर कसं सुचलं नाही, याचंच नवल वाटलं.

मग सगळ्यांना डोळे मिटायला लावले. मी इतका खोल गेलो की परत आणायला सरांना माझा खांदा हलवावा लागला. शेजारी बसलेली आमची नवी असिस्टंट म्हणते, तुम्ही घोरत होता. नवशिक्यांना समाधी आणि झोप यांतला फरक कळत नाही.

शेवटी प्रत्येकानं आपली भीती कागदावर लिहून द्यायची होती. मी कोरा कागद दिला. मला भीती कशाचीच नाही.

(डावीकडची खालची दाढ बरेच दिवस ठणकते आहे आणि मी डेंटिस्टकडे गेलेलो नाही, ही गोष्ट वेगळी. त्याला भीती म्हणत नाहीत. त्याला वेळ न मिळणं म्हणतात.)

३ मार्च, मंगळवार

दाढ ठणकली. वेळ मिळाला नाही.

५ मार्च, गुरुवार

दाढेविषयी थोडं लिहून ठेवतो. ही अक्कलदाढ नव्हे. अक्कलदाढ तुम्हाला आलेलीच नाही भाऊजी, असं माझा मेहुणा म्हणतो आणि म्हणताना उगाच हसतो. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. डेंटिस्ट आहे. आजवर दुसऱ्यांच्या दवाखान्यात काम करायचा, आता स्वतःचं क्लिनिक काढतोय.

माझं लग्न झालं तेव्हा हा अर्ध्या चड्डीत होता. त्याला सायकल मी शिकवली. म्हणजे मी कट्ट्यावर बसून सूचना दिल्या. अशा पोरापुढे आता आ वासून आडवं पडायचं? प्रश्न भीतीचा नाही, मानाचा आहे.

तरी ठरवलं. सरांचं तंत्र दाढेवर चालवून बघायचं. उद्यापासून रोज सकाळी डोळे मिटून उद्याचा मी बघणार. खुर्चीत शांत बसलेला. चेहऱ्यावर मंद हसू.

६ मार्च, शुक्रवार. सकाळी

प्रयोग पहिला. डोळे मिटले. क्लिनिकचं दार दिसलं. दार उघडलं. खुर्ची दिसली. खुर्चीवरचा दिवा दिसला. बाजूला ट्रे. ट्रेमध्ये ते वाकडं, टोकदार

डोळे उघडले. बनियन ओला.

त्याच दिवशी, चहानंतर

चूक सापडली. सर काय म्हणाले होते? हवा असलेला उद्या बघा. मला खुर्ची हवी आहे का? नाही. मग ती बघायचीच कशाला? खुर्चीचा भाग कापून टाकला. आता थेट क्लिनिकमधून बाहेर पडणारा मी. दाढेचा पत्ता नाही. हातात लालभडक सफरचंद. मी त्याचा कचकन लचका तोडतो. रस हनुवटीवरून ओघळतो. लोक बघत राहतात.

फारच छान वाटलं. तंत्र काम करतंय.

बायको म्हणाली, अहो, नुसतं डोळे मिटून काय बसलात, अपॉइंटमेंट घ्या. तिला म्हटलं, मनात घेतली आहे.

९ मार्च, सोमवार

ऑफिस. माझा विभाग म्हणजे बसमध्ये हरवलेल्या वस्तूंचा. लोक काय काय विसरतात याला सीमा नाही. छत्र्या, एकेक बूट, डबे, क्रिकेटच्या बॅटी. खिडकीजवळच्या मांडणीवर सध्या एका प्लॅस्टिकच्या डबीत कुणाची तरी कवळी आहे. वरची आणि खालची, दोन्ही. माझ्या टेबलाच्या बरोबर समोर. दिवसभर माझ्याकडे बघून हसते.

असिस्टंटला सांगितलं, तिचं तोंड भिंतीकडे कर. तिनं केलं. आता मागून हसते.

असिस्टंटचीही एक अडचण समजली. सापडलेल्या वस्तूंची घोषणा डेपोच्या माइकवरून करायचं काम साहेबांनी तिला दिलंय आणि माइक हातात घेतला की तिचा आवाज जातो. ओठ हलतात, पण बाहेर फक्त खरखर येते. परवा तिच्या खरखरीला प्रवासी बस सुटण्याची सूचना समजले आणि धावत सुटले.

तिला तंत्र समजावून सांगितलं. भीती म्हणजे काय, उद्या म्हणजे काय, सगळं. बरंच बोललो. बोलताना दाढ ठणकत होती, पण गुरूनं शिष्यासमोर गाल धरायचा नसतो.

१२ मार्च, गुरुवार

असिस्टंटनं आज घोषणा केली. स्वच्छ, खणखणीत. एक राखाडी छत्री, एक मुलांची बूटजोडी, एक कवळी. फलाटावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. साहेब स्वतः खाली आले.

तिनं साहेबांना सांगितलं की हे सगळं सरांमुळे, म्हणजे माझ्यामुळे. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी नम्रपणे मान झुकवली. (झुकवली की दाढेत कळ येते. ताठ ठेवलेली बरी.)

बायकोला घरी आल्याबरोबर सांगितलं. तिची पण एक भीती आहे, स्कूटरची. मुलगी कॉलेजला बसनं जायला लागल्यापासून तिची स्कूटर दारात पडून असते आणि बायको तिला फडक्यानं पुसते, बसत मात्र नाही. म्हटलं, डोळे मिट, आणि वाऱ्याच्या वेगानं जाणारी तू बघ. ती म्हणाली, डोळे मिटून स्कूटर कशी चालवू? काही माणसांना उपमा कळत नाहीत.

१४ मार्च, शनिवार

सकाळी मैदानावरून बायको स्कूटर शिकून आली. मुलगी मागे बसली होती. बायकोचा गुडघा खरचटलाय. तिला विचारलं, तंत्र वापरलंस का? म्हणाली, नाही, ब्रेक वापरला.

मी घरी बसून प्रयोग केला. आज उद्याचा मी आणखी स्पष्ट दिसला. क्लिनिकबाहेर गर्दी. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी. तो म्हणतो, भाऊजी, एवढा शांत पेशंट मी आजवर पाहिला नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. दुसऱ्या हातात सफरचंद. कुणीतरी सही मागतं.

दाढ ठणकायची थांबली आहे असं वाटलं. म्हणून कडक टोस्ट डाव्या बाजूनं खाल्ला.

पुढचं लिहीत नाही. मुलीनं ओरडणं रेकॉर्ड केलंय.

१५ मार्च, रविवार

सासुरवाडीला जेवायला. मला सूप. मेहुण्याच्या नव्या क्लिनिकची चर्चा. महिनाअखेरीला उद्घाटन. त्याच्या चेहऱ्यावर काळजी, पेशंट येतील की नाही. म्हणाला, नव्या डॉक्टरकडे लोक यायला घाबरतात, भाऊजी.

इथं गप्प बसायला हवं होतं. पण अज्ञान दिसलं की मला राहवत नाही. भीती ही मुळात अस्तित्वातच नसते, यावर मी पुष्कळ बोललो. डेपोतलं उदाहरण दिलं. माइक, टाळ्या, साहेब. सगळे मन लावून ऐकत होते. सासूबाईंनी तर ऐकण्याचं यंत्र काढून ठेवलं, म्हणजे माझा मूळ आवाज ऐकू यावा.

बोलणं संपलं तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, मग उद्घाटनाला पहिला पेशंट हेच.

मेहुण्याला इतका आनंद झाला की तो उठून माझ्या पाया पडला. सासूबाई म्हणाल्या, घरचा जावई खुर्चीत बसलेला बघितला की बाकीच्यांना धीर येईल. मुलगी म्हणाली, बाबा, मी व्हिडिओ काढते.

मी हसलो. म्हणालो, अर्थातच.

सूप गार झालं होतं.

१६ मार्च, सोमवार

शांतपणे विचार केल्यावर वाटतं, हे उत्तमच झालं. ध्येयाला तारीख लागते.

उद्घाटनाच्या दिवशी डेपोत मला काही काम निघू शकतं का, ते बघून ठेवायला हवं.

१७ मार्च, मंगळवार

नाही निघू शकत. रविवार आहे. साहेबांना म्हटलं, रविवारी विभाग उघडा ठेवूया, लोकांची सोय होईल. साहेब म्हणाले, तब्येत बरी आहे ना?

१९ मार्च, गुरुवार

भविष्यफलक तयार केला. सरांनी सांगितलं होतं, हवं ते चित्ररूपानं डोळ्यांसमोर ठेवा. टूथपेस्टच्या जाहिरातींतले हसणारे चेहरे कापून बाथरूमच्या आरशाभोवती चिकटवले. मध्ये माझा फोटो.

संध्याकाळी बघतो तर मुलीनं माझ्या फोटोतला एक दात मार्करनं काळा केलेला. विचारलं तर म्हणाली, बाबा, हवा तो उद्या तुमचा, खरा तो आज माझा.

घरात अध्यात्म अजिबात नाही.

२१ मार्च, शनिवार

लवंगेचं तेल. कापूस. उजव्या बाजूनं चावणं. उजव्या बाजूनं बोलणं. उजव्या कुशीवर झोपणं. माणूस म्हणून मी सध्या निम्माच आहे, पण इच्छाशक्ती पुरी आहे.

२३ मार्च, सोमवार

कवळीचा मालक आला! असिस्टंटची घोषणा त्याच्या सुनेनं ऐकली होती. एक आजोबा, बोळकं, पण तुरतुरीत चालीचे. असिस्टंट नियमावर बोट ठेवून म्हणाली, वस्तू तुमचीच कशावरून, वर्णन सांगा. आजोबा म्हणाले, वर्णन कशाला, घालूनच दाखवतो. आणि रुमालानं पुसून घातली की तिथंच. खट्ट आवाज झाला. मग ते हसले. दोन्ही ओळी.

मला त्यांचा हेवा वाटला. या माणसाला पुन्हा कधीही दाढ दुखणार नाही. त्यांना बाजूला घेऊन विचारलं, काढताना फार दुखलं का? ते म्हणाले, बाळ, दुखलं ते काढेपर्यंत.

हे वाक्य नीट समजलं नाही. वयस्कर माणसं कधी कधी असंबद्ध बोलतात.

त्यांनी जाताना खिशातून बदाम काढून कटकन फोडला. मुद्दाम.

२५ मार्च, बुधवार

उद्घाटनाला पहिला पेशंट म्हणून साहेबांचं नाव सुचवून बघितलं. मोठी व्यक्ती, क्लिनिकला प्रतिष्ठा. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुम्ही आहात ना, आम्हाला आणखी मोठं कोण हवं?

त्याच्या आवाजात खरंच प्रेम होतं. फोन ठेवल्यावर मला थोडं कसंतरी झालं. पित्त असावं.

२६ मार्च, गुरुवार

थोडा ताप आहे असं वाटलं. थर्मामीटरनं नाही म्हटलं. जुना झालाय.

बायको आता रस्त्यावर स्कूटर चालवते. सिग्नलला उजवा हात दाखवते, डावीकडे वळते. पण जाते. मी तिला म्हटलं, बघ, माझ्या मार्गदर्शनाचं फळ. तिनं कपड्यांच्या घड्या जरा जोरात घातल्या.

२८ मार्च, शनिवार

सर म्हणाले होते, उद्याचा अनुभव आजच लिहून काढा, म्हणजे तो घडतो. म्हणून उद्याची नोंद आजच लिहितो.

२९ मार्च, रविवार (आगाऊ)

आजचा दिवस अविस्मरणीय ठरला. मी हसत खुर्चीत बसलो. मेहुण्याचे हात थरथरत होते, मीच त्याला धीर दिला. दाढ निघाली तेव्हा मी एक विनोद सांगत होतो. उपस्थितांनी उत्स्फूर्तपणे टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या कितीतरी जणांनी तिथल्या तिथं नावं नोंदवली. परत येताना सफरचंद खाल्लं.

(वाचून बघितलं. खरं वाटतं. 'अविस्मरणीय' हा शब्द विशेष जमलाय.)

२९ मार्च, रविवार (प्रत्यक्ष)

अविस्मरणीय.

क्रमानं लिहितो. क्लिनिक छान आहे. भिंती फिकट निळ्या, खुर्ची कोरी, डोकं टेकायच्या जागी प्लॅस्टिक अजून तसंच. मेहुण्याचा पांढरा कोट नवा, बाहीला इस्त्रीची धार. नातेवाईक, शेजारी, त्याचे जुने सर, सगळे सरबताचे ग्लास घेऊन उभे. फीत कापली. मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

मी म्हणालो, बसण्याआधी दोन शब्द बोलतो. बोललो. भीती म्हणजे काय इथून सुरुवात केली. उदाहरणं दिली. सरबत संपलं. लोकांनी ग्लास ठेवले. कुणीतरी खुर्च्या मागितल्या. मी मानवजातीच्या प्रगतीपर्यंत आलो होतो तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, आता बसा.

बसलो.

खुर्ची आपोआप मागे जाते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाय वर, डोकं खाली, वर दिवा. दिव्याच्या कडेनं सगळ्या सासुरवाडीचे चेहरे. त्यात मुलीचा मोबाइल. मेहुणा खाली वाकून हळूच म्हणाला, भाऊजी, आज काहीच करणार नाही. फक्त आरसा घालून बघतो. घाबरू नका. हे शेवटचं तो फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला. म्हणजे त्याला माहीत होतं. केव्हापासून, कोण जाणे.

मी डोळे मिटले. तंत्र सुरू केलं. आणि इथं एक गोष्ट नोंदवायलाच हवी. तंत्र आजवर इतकं कधीच साधलं नव्हतं. क्लिनिक गेलं, दिवा गेला, माणसं गेली. उद्याचा मी लख्ख उभा. हातात सफरचंद. लालभडक. मी ते तोंडाशी नेलं. ओठांना गार स्पर्श झाला.

मी कचकन लचका तोडला.

सफरचंद ओरडलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मेहुण्याच्या बोटाला टाके पडले. उजव्या हाताची तर्जनी. हाड वाचलं. त्याच इमारतीतल्या कानाच्या डॉक्टरांनी घातले. क्लिनिक काही दिवस बंद. जमलेल्यांपैकी कुणीही नाव नोंदवलं नाही. त्याच्या जुन्या सरांनी मात्र मला जाताना विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन कुणाला द्यायचं, त्याला की तुम्हाला?

सासूबाई दारात म्हणाल्या, जावईबापू, माझ्या लेकावर तुमचा दात आहे, ही शंका मला होतीच. पण इतका?

मी समजावण्याचा प्रयत्न केला की हे माझ्या मनाच्या एकाग्रतेचं फळ आहे. बायको म्हणाली, अहो, पुरे. तिनं मला स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. वाटेत मी डोळे मिटून बसलो होतो. या वेळी काही बघण्यासाठी नाही.

दाढ जागेवर आहे. आता जास्त दुखते. बोट कडक होतं.

३० मार्च, सोमवार

व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचला. डेपोपर्यंतही. असिस्टंटनं मला फाइल देताना लांबून दिली.

३१ मार्च, मंगळवार

गाल सुजला. डावा. आरशात बघितलं तर टूथपेस्टवाल्या हसऱ्या चेहऱ्यांच्या मधोमध मी, एका बाजूनं पाहुण्यांसाठी फुगवलेल्या उशीसारखा. फलक काढून टाकला. डिंक निघत नाही.

मेहुण्याला भेटायला गेलो. सॉरी म्हणायचं होतं. जाताना मनात पूर्ण प्रसंग बघून ठेवला होता, काय बोलायचं, कसं बोलायचं. दार उघडल्यावर त्याचं पांढरं बँडेज दिसलं आणि सगळं विसरलो. म्हणालो, तुला सायकल मी नीट शिकवली नाही रे.

का म्हणालो, माहीत नाही. तो हसायला लागला. मग म्हणाला, भाऊजी, गाल दाखवा. लांबूनच बघितला. गंभीर झाला. म्हणाला, आता थांबायचं नाही. आधी औषधानं सूज उतरवा, आणि शुक्रवारी माझ्या वर्गमैत्रिणीकडे जा. तिच्या हाताला यश आहे. आणि तिला चावणाऱ्या पेशंटची सवय आहे.

शेवटचं वाक्य चेष्टा समजून सोडून दिलं.

२ एप्रिल, गुरुवार

सूज उतरली. म्हणजे जायची गरज उरली नाही, असं बायकोला म्हटलं. बायकोनं स्कूटरची किल्ली उचलून खिशात टाकली आणि म्हणाली, उद्या सकाळी. तुम्ही ऑफिसला तिथून जा.

मेहुण्याचाही फोन आला. त्याला म्हटलं, वेळ मिळाला तर. तो म्हणाला, भाऊजी, मी डाव्या हातानं जेवतोय.

जाणार.

३ एप्रिल, शुक्रवार. डेपोत, दुपारी

(जीभ बधिर आहे, पण लिहायला जीभ लागत नाही.)

मेहुण्याची वर्गमैत्रीण लहान मुलांची डेंटिस्ट आहे. हे आम्हाला पाटी वाचून कळलं. बायकोला आधीपासून माहीत असावं, तिला आश्चर्य वाटलं नाही. आत बेडकाच्या आकाराचा सोफा, गुडघ्याएवढ्या खुर्च्या. एका खुर्चीत मी बसलो. उठताना ती बरोबर उठली, बायकोनं ओढून काढली.

शेजारी दोन शेंड्यांची एक मुलगी, पायांनी हवा ढवळत बसलेली. तिनं विचारलं, तुमचं बाळ कुठंय? म्हटलं, मीच आहे. तिनं विचारलं, भीती वाटते? म्हटलं, छे. पण तुला वाटत असेल तर सांगतो, डोळे मिटायचे, आणि उद्याची आपण बघायची. शांत, हसणारी. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, मी नुसतं आ करते.

तिला आत बोलावलं. ती गेली. आली. गालात कापूस, हातात फुगा.

मग मला बोलावलं. डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या, आवाज गोड. छतावर रंगीत मासे चिकटवलेले. त्या म्हणाल्या, मासे मोजा. मी म्हटलं, माझी स्वतःची पद्धत आहे, आणि डोळे गच्च मिटले. हिरडीला काहीतरी गोड लावलं. काहीतरी टोचलं, मुंगीएवढं. मी उद्याचा मी बोलवायला सुरुवात केली. तो येईना. क्लिनिकचं दार दिसलं, पण त्यातून कुणी बाहेर पडेना. मी वाट बघत राहिलो. बायकोचा हात सापडला, तो धरला. तोंड उघडं होतं, म्हणून बाकीचं सगळं आवळलं. कुणीतरी हुंदक्यासारखा आवाज काढत होतं. मला वाटलं बाहेरचं एखादं मूल असेल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उठा काका.

मी विचारलं, सुरू केव्हा करणार?

त्या म्हणाल्या, झालं.

बशीत दाढ होती. एवढीशी. मी महिनाभर ज्या क्षणाची तयारी केली तो क्षण येऊन गेला आणि मी घरी नव्हतो. बायकोला विचारलं, कसा दिसत होतो मी? धीरगंभीर? ती म्हणाली, माझा हात सोडा आता, बोटं कळेनाशी झालीत.

कापूस चावून धरायला सांगितलाय. चावतोय. ऑफिसात आज सगळे हसून बघतात. असिस्टंट हसली, कंडक्टर हसले, चौकशीच्या खिडकीतले हसले. साहेब तर खांद्यावर थोपटून गेले. दाढ गेल्याबरोबर व्यक्तिमत्त्वात फरक पडतो हे खरं आहे. चेहऱ्यावर आत्मविश्वास आला की लोकांना तो लांबूनही दिसतो.

त्याच दिवशी, घरी

शर्ट धुवायला टाकताना बायकोनं खिशावरचं स्टिकर दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी जाताना छातीवर थोपटलं होतं, तेव्हा मला वाटलं, कौतुक.

ससा आहे. गुलाबी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मी अजिबात रडलो नाही.'

तेही तितकंसं खरं नाही.